जुनी सेलबोट घेताना इंजिन आणि बाकीची यंत्रणा कशी तपासावी?

तुम्ही लिहिलंय की बोट पस्तीस फुटी, तीस वर्षं जुनी, इंजिन मूळचंच आहे आणि मीटरवर फक्त 600 तास आहेत. बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरचा रिपोर्ट चांगला आलाय, मग यंत्रणेत आणखी काय बघायचं, असं तुम्ही विचारताय. ते 600 तास वाचले आणि लिहायला बसलो. कमी तासांवरून माझं आणि मेव्हण्याचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

आधी हिशोब करा. तीस वर्षांत 600 तास म्हणजे वर्षाला 20. शिडाची बोट एवढंच इंजिन चालवते तेव्हा धक्क्यावरून निघायचं, बाहेर पडलं की शिडं वर, इंजिन बंद, आणि येताना तेच उलट. इंजिन धड तापतच नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी एक्झॉस्टमध्ये बसते, सिलिंडरच्या भिंतींवर चकाकी चढून पिस्टनच्या रिंगा नीट बसेनाशा होतात, तेलात ओल साठते. उरलेलं वर्ष ते खाऱ्या हवेत गंजतं. वेळेवर तेल बदलत नियमित चालवलेलं 3000 तासांचं इंजिन मला यापेक्षा कधीही चालेल.

माझी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, म्हणून मेव्हण्याने बोट बघायला मला नेलं. तीही अशीच, जुनी आणि कमी तासांची. इंजिनावर ताजा रंग. मी पहिल्यांदा ब्लॉकला हात लावला, तर कोमट. मालक म्हणाले, ‘‘तुम्ही येणार म्हणून जरा बॅटरी चार्ज करत होतो.’’ मी म्हटलं, मग उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका. मेव्हण्याला अगदी ओशाळल्यासारखं झालं. ‘‘दाजी, एवढा चांगला माणूस आहे, त्याच्यावर संशय कशाला?’’ संशयाचा प्रश्नच नव्हता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटतं. रिंगा किंवा व्हॉल्व्ह गळत असतील तर दाब कमी पडतो, आणि थंड इंजिन ते लगेच सांगतं. गरम इंजिन ते झाकून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी ते बराच वेळ नुसतं फिरत राहिलं, मग खोकत धरलं. मागून पांढरा धूर, डिझेलचा उग्र वास आणि पाण्यावर रंगीत तवंग. वाफ असती तर हवेत विरली असती, तवंग आला नसता. हे न जळलेलं इंधन होतं. इंजिन तापत गेलं तसा धूर कमी झाला. आदल्या दिवशी आम्ही तेवढंच बघून परतलो असतो.

मालकांनी डिपस्टिक काढून दाखवली. तेल मधासारखं स्वच्छ. मेव्हणा माझ्याकडे बघून हसला. मला मात्र ते आवडलं नाही, कारण कालच भरलेलं तेल काहीच सांगत नाही. काही तास चाललेलं तेल लॅबला पाठवलं तर त्यातलं लोखंड, तांबं कुठली झीज चाललीय ते दाखवतं, आणि सोडियम सापडला तर खारं पाणी आत येतंय असा संशय घ्यायचा. नव्या तेलाचा नमुना पाठवून काय उपयोग? मी तेल भरायचं झाकण उघडून आतून हाताचं बोट फिरवलं, तर पिवळट साय लागली. नुसत्या दमट हवेनेही तशी साय धरते, म्हणून तेव्हा मी काही बोललो नाही.

मग बाहेर नेऊन थ्रॉटल पूर्ण उघडायला सांगितलं. हे मालकांना अजिबात रुचलं नाही. नेमप्लेटवर 3600 आरपीएम होते, काटा 2700 च्या आसपास अडकला, धूर काळा झाला आणि तापमान चढायला लागलं. मालक म्हणाले प्रोपेलरवर शिंपले असतील. असू शकतात, घाणेरड्या प्रोपेलरने नेमकं हेच होतं. पण मेव्हण्याच्या हातातल्या सर्व्हे रिपोर्टमध्ये बोट पाण्याबाहेर काढल्याचा नुकताच फोटो होता आणि प्रोपेलर लख्ख होता. त्याच रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं: इंजिनाची केवळ बाहेरून पाहणी, काहीही उघडलेलं नाही. तुमच्या रिपोर्टमध्येही हे वाक्य शोधा, बहुधा सापडेल. सर्व्हेअर हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, बघतो. इंजिनासाठी वेगळा डिझेल मेकॅनिक लागतोच.

मालकांना विचारून एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो उतरवला. गरम धूर आणि इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी या तुकड्यात एकत्र येतात, म्हणून तो काजळी आणि मिठाने आतून चोंदतो. इथे करंगळी जाईना. भोक बंद झालं की धूर मागे दाबतो आणि आरपीएम चढत नाहीत. तोच एल्बो आतून सडला की इंजिन थांबल्यावर खारं पाणी उलट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर झिरपतं, तिथून सिलिंडरमध्ये. सकाळचा पांढरा धूर, ती साय आणि अडकलेला काटा, तिन्हींची दिशा एकच होती.

‘‘एल्बो तर स्वस्त असतो,’’ मेव्हणा म्हणाला. एल्बो स्वस्तच असतो, सिलिंडर नसतात. मी मालकांना सरळ म्हटलं, या बोटीत इंजिनच नाही असं धरून किंमत सांगा. त्यांनी ऐकलं नाही, सौदा मोडला. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात मेव्हणा सांगतो की दाजींनी माझी बोट घालवली.

तुमच्या प्रश्नातलं उरलेलं पटकन सांगतो. प्रोपेलरचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, खडखडला तर त्याला आधार देणारं कटलेस बेअरिंग गेलंय. शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या पारंपरिक स्टफिंग बॉक्समधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं ठीक, धार नाही. लांब शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह (तळातून सरळ खाली जाणारा गिअरचा पाय) असेल तर रबरी डायफ्राम कधी बदललं त्याचं बिल मागा. व्होल्वो पेंटा दर 7 वर्षांनी बदलायला सांगते, आणि ते फाटलं तर थेट समुद्र आत येतो. पाण्याच्या रेषेखालचा प्रत्येक सी-कॉक (समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) स्वतः उघडून बंद करा. पितळ गुलाबी दिसत असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते हातात तुटून येईल. टाकीच्या तळातून डिझेल काढून काचेच्या बरणीत ठेवा. तळाशी पाणी आणि काळा गाळ दिसला तर पहिल्याच लाटांत तो ढवळून फिल्टर चोंदेल, आणि तेही बहुतेक इंजिन सर्वात गरजेचं असताना.

सुकाणू आणि डोलकाठीच्या तारा हा माझा प्रांत नाही, ते काम करणाऱ्या रिगरला विचारा. कीलबद्दल, म्हणजे बोट सरळ ठेवणाऱ्या तळाच्या जड पात्याबद्दल, मात्र एवढं की बोट कधी तळाला घासली होती का, दुरुस्ती कोणी केली, हे मालकाला सरळ विचारा. 2014 मध्ये ‘चीकी रफीकी’ ही शिडाची बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चौघे गेले. आधी तळाला घासणं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांचा एकत्रित परिणाम झाला असावा, असं ब्रिटिश चौकशीत म्हटलं होतं.

हो, हेही सांगायला हवं: कडक थंडीत पहिला मिनिटभर पांढरा धूर चांगल्या इंजिनालाही येतो. कमी तासांची सगळीच इंजिनं वाईट नसतात. मालक ते दर पंधरवड्याला गिअरमध्ये टाकून नीट तापेपर्यंत चालवत असेल आणि त्याची वही असेल तर 600 तास खरंच चांगले. धक्क्याला बांधून रिकामं चालवलं असेल तर ते त्यात धरू नका. आणि सगळी बिलं जपून ठेवणाऱ्या मालकाला माझ्यासारखं वागवू नका, तो चिडेल.

मेव्हण्याची ती बोट दुसऱ्या कुणी घेतली आणि ती आज मजेत फिरतेय, हा त्याचा हुकमी मुद्दा. बरोबर आहे. त्या माणसाने इंजिनाचे पैसे कापून घेतले आणि पहिल्याच हंगामात नवीन इंजिन बसवलं. तुम्हाला बोट आवडली असेल तर तुम्हीही तेच करा, फक्त आधी थंड ब्लॉकला हात लावून या.