वरच्या सिलिंडरचा दम गेलाय, पण ब्लॉक लगेच उघडू नका

प्रश्न : गंगापूर धरणावर आमची फायबरची बोट आहे. 25 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. चार माणसं बसली की बोट उचलतच नाही. मेकॅनिकने सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) मोजायचं गेज लावलं : वरच्या सिलिंडरला 80 पीएसआय, खालच्याला 115. रिंग गेल्या, ब्लॉक उघडू, असं तो म्हणतो. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं असेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : 115 ची काळजी नको. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण 7 टक्के कमी असतो, म्हणून मालवणला 120 दाखवणारं इंजिन इथे 112 च्या आसपास दाखवेल. खरा प्रश्न दोन सिलिंडरमधल्या फरकाचा. 10 टक्क्यांपर्यंत चालतो, 15 च्या पुढे शंका घ्यावी. तुमचा 30 टक्के आहे.

तरीही माप पुन्हा घ्या, या वेळी नीट. इंजिन पाण्यात पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा. कोरडं चालवलं तर इंपेलर (थंड पाणी खेचणारं रबरी चक्र) काही सेकंदांत खराब होतो. दोन्ही प्लग काढा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी ओढून काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा. नाहीतर सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जाऊ शकतो, शिवाय प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येत असते, ती ठिणगीने पेटू शकते. चोक उघडा. थ्रॉटल पूर्ण उघडा. न्यूट्रलमध्ये तो अडत असेल तर कार्ब्युरेटरची फुलपाखरं (आतल्या गोल झडपा) हाताने उघडी धरा. गेज आट्यांचंच हवं, दाबून धरायचं रबरी नको. काटा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा वेळा, स्टार्टरची दोरी ओढा.

फरक तसाच राहिला तर वरच्या सिलिंडरमध्ये एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिलि ऑइल टाकून लगेच मोजा. उशीर केला तर ते पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून) खाली उतरतं, आणि जास्त टाकलं तर जागा भरल्यामुळेच आकडा खोटा वाढतो. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा). जागचा हलला नाही तर हेड पॅकिंग फुटलंय का, पिस्टनच्या माथ्याला भोक पडलंय का, ते बघा. पॅकिंगमधून पाणी आत येत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

आता मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडा. बोअरवर उभे ओरखडे किंवा ॲल्युमिनियमचा लेप दिसला तर पिस्टन घासलाय, उघडणं आलंच. बोअर स्वच्छ असेल तर रिंग कार्बनने खोबणीत चिकटल्या असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी कार्बन काढणारा स्प्रे प्लगच्या भोकातून मारा, दोरी हळू ओढून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी मोकळ्या पाण्यात चालवा, मग नवे प्लग लावून पुन्हा मोजा. एकदा-दोनदा हे करून बघण्याआधी हेड खोलायला आमची संमती नाही.

ऑइलबद्दल. मिसळलेलं पेट्रोल दोन्ही सिलिंडरांना एकच जातं, त्यामुळे ऑइल कमी पडलं असतं तर खालचंही सुटलं नसतं. (प्रमाण मात्र तपासा : 50:1 असेल तर 5 लिटरला 100 मिलि, तेही टीसी-डब्ल्यू3, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल. मोटरसायकलचं टू-टी ऑइल राख सोडतं, रिंग चिकटतात.) एकटं वरचंच घासलं असेल तर कारण तिथेच शोधा. दोन कार्ब्युरेटर असतील तर वरच्याचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबलाय का? फ्लायव्हीलखालचा क्रँक सील हवा ओढतोय का? आणि थंड पाणी वरपर्यंत पोचतंय का? पानवेलीचे तुकडे आणि गाळ पाणी घेण्याच्या जाळीत अडकला की सहसा आधी वरचं सिलिंडर तापतं. बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक असेल तर इंपेलर बदला, थर्मोस्टॅट काढून बघा. हे कारण तसंच ठेवून घातलेल्या नव्या रिंगही त्याच वाटेने जातील.

उघडावंच लागलं तर बोअर मापून घ्या. लंबगोल झालेला बोअर होनिंगने (दगडाने हलकं घासून) सरळ होत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रिबोअर करून (भोक थोडं मोठं कातून) ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागेल, आणि पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. रिंग बसवताना तिचं तोंड खोबणीतल्या पिनवरच आणा. सरकलं तर ते पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते.