ओरेगॅनोला ‘ओव्याची पानं’ म्हणावं का?

वेंगुर्ल्यात पर्यटकांच्या राहण्याजेवणाची घरगुती सोय करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न: पिझ्झ्याच्या कृतीत कुठे नुसतं ‘ओरेगॅनो’ असतं, कुठे ‘मेक्सिकन ओरेगॅनो’. परसातल्या ओव्याच्या पानांनाही तसाच वास येतो. मग मराठीत तेच नाव वापरायला काय हरकत?

हरकत एवढीच, की ‘ओव्याची पानं’ हे नावच मुळात उसनं आहे. आपण भजी करतो तो पानओवा तुळशीच्या कुळातला, नुसती फांदी खोचली तरी जगणारा. मिसळणाच्या डब्यातला ओवा कोथिंबिरीच्या कुळातला. नाव जुळलं ते वासामुळे. ते जाड, लवदार पान चुरडलं की नाकात जो झणका जातो, तो मुख्यतः कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या पानातल्या वासाच्या द्रव्यांचा. अमृतधारेत ओव्याचं सत्त्व घालतात, ते थायमॉलच.

ओरेगॅनोचीही हीच गत. भूमध्य समुद्राकाठचा ओरेगॅनो, म्हणजे ओरिगॅनम व्हल्गेरी, हा तुळशीच्याच कुळातला. त्यातही ग्रीक जात उग्र. मेक्सिकन ओरेगॅनो मात्र लिपिया ग्रॅव्हिओलेन्स, आणि तिचं कूळ घाणेरीचं! (हो, गडग्याला माजते तीच टणटणी.) वास ओळखीचा, म्हणून नाव तेच. चव अधिक तिखट, जराशी लिंबाकडे झुकणारी; राजम्याला, मिरचीच्या रश्श्याला ती शोभते. टोमॅटो आणि चीजवर भूमध्यातलाच बरा. गंमत म्हणजे आपल्या पानओव्याला इंग्रजीत ‘क्यूबन ओरेगॅनो’ म्हणतात. ‘ओवा’ आणि ‘ओरेगॅनो’ यांतला ‘ओ’ मात्र निव्वळ योगायोग.

ओरेगॅनोचा खरा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे तो मरवा, गजऱ्यात गुंफतात तो. वनस्पतिशास्त्रात ओरिगॅनम मॅजोराना. पण त्याचा वास नाजूक, गोडसर. पिझ्झ्यावर तो कुठल्या कुठे हरवतो. नात्याने मरवा जवळचा, चवीने पानओवा.

तेव्हा ताई, पानओवा खुशाल वापरा, पण वाळवायच्या फंदात पडू नका. पान रसाळ असतं. आपल्या पावसाळी हवेत वाळण्याआधी काळं पडतं. ताजी दोन पानं बारीक चिरून सॉस उतरवताना घाला. जास्त झाली तर पिझ्झा खोकल्याच्या काढ्यासारखा लागेल. आणि पाटीवर सरळ ‘पानओव्याचा पिझ्झा’ लिहा. पुडीतल्याला ओरेगॅनोच राहू द्या.