वाचक विचारतात: प्रागचा टेकडीवरचा टॉवर आणि दुखरे गुडघे

प्रश्न: जूनमध्ये मुलाकडे जर्मनीला जातोय, तिथून दोन दिवस प्राग करायचंय. पेत्र्शीन टेकडीवरच्या टॉवरचे फोटो बघून हिला तिथे जायचंच आहे, पण गुडघे दुखतात आणि टेकडीवर नेणारी रेल्वे बंद आहे म्हणे. प्लॅन रद्द करावा का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: रद्द कशाला करताय! ती फ्युनिक्युलर रेल्वे मूळची 1891 ची, सप्टेंबर 2024 मध्ये नूतनीकरणासाठी बंद केली, तेव्हा निघायच्या आधी चालू झालीय का ते बघून घ्या. पण खरं सांगू का, ती चालू असली तरी मी तुम्हाला दुसराच रस्ता सांगेन. 22 नंबरची ट्रॅम पकडायची आणि थेट पोहोर्झेलेत्स स्टॉपला उतरायचं, म्हणजे चढाचं काम ट्रॅम करते आणि तुम्ही खिडकीत बसून गाव बघता. तिथून स्त्राहोव मठाच्या बाजूने टॉवरकडे पायवाट जाते, थोडा चढउतार आहे पण दम लागेल असा नाही, मध्ये बाकं आहेत, आणि डाव्या हाताला खाली अख्खं प्राग पसरलेलं दिसतं. बहुतेक लोक खालून, पायथ्याच्या उयेझ्द भागातून चढतात आणि वर पोचेपर्यंत घामाघूम होऊन एकमेकांवर चिडलेले असतात. ट्रॅममध्ये चढल्याचढल्या कागदी तिकिटावर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका, नुसतं तिकीट खिशात असून भागत नाही, चेकर आला की दंड होतो.

टॉवरला 299 पायऱ्या आहेत. चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, त्यामुळे समोरून येणाऱ्यांची धक्काबुक्की नाही. वहिनींनी मात्र लिफ्टच घ्यावी, छोटीशी आहे, जास्तीचे पैसे पडतात, पडू देत. वारा असेल तर वर जरा हलल्यासारखं वाटतं, घाबरायचं नाही.

आणि हो, उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो हे तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा आल्या वाटेनेच परत जा आणि 22 नंबरनेच खाली या. परतताना स्त्राहोव मठाची लायब्ररी बघाच. मठ 1143 चा, लायब्ररीचे दोन मोठे हॉल, छतभर चित्रं आणि जमिनीपासून वरपर्यंत पुस्तकं. नेहमीच्या तिकिटात दारातूनच डोकावायचं असतं, आत फिरू देत नाहीत, पण तरी दहा मिनिटं पाय हलत नाही तिथून.

प्रश्न: आम्ही पॅरिस केलंय. मग हा आयफेलचा छोटा भाऊ बघण्यात काय अर्थ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नक्कल आहे हे खरंय, ते कोणी लपवत नाही. 1889 च्या पॅरिस प्रदर्शनाला गेलेली चेक टुरिस्ट क्लबची मंडळी आयफेल बघून इतकी भारावली की दोन वर्षांत, 1891 च्या प्रागच्या प्रदर्शनासाठी, आपलाही टॉवर उभा करून मोकळी झाली. उंची जेमतेम 60 मीटरच्या आसपास, आणि आयफेलसारखा चौकोनी नाही तर अष्टकोनी. पण टेकडीच तीनशे मीटरच्या वर, त्यामुळे समुद्रसपाटीपासून मोजलं तर आमचं टोक आयफेलच्या टोकाच्या बरोबरीचं, असं प्रागवाले अगदी ताठ मानेने सांगतात. मला विचाराल तर टॉवरपेक्षा त्याची जागा भारी आहे. प्रागच्या किल्ल्यात गेलात की किल्ला दिसत नाही, इथून मात्र सेंट व्हिटस कॅथीड्रलसकट पूर्ण समोर दिसतो, खाली व्हल्टावा नदी आणि एकामागोमाग एक पूल. सकाळी लवकर जा, दुपारी वरच्या खिडक्यांपाशी उभं राहायला जागा मिळत नाही.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा आहे, दहा मिनिटांत कंटाळतो. आसपास काही आहे का?
– एक आई, कोथरूड

उत्तर: टॉवरच्या शेजारीच आरशांचा भूलभुलैया आहे, तोही 1891 च्याच प्रदर्शनातला. बुटकं-लांबडं दाखवणारे आरसे आहेत, आणि 1648 मध्ये प्रागच्या लोकांनी स्वीडिश सैन्याला चार्ल्स पुलावर अडवलं त्या लढाईचा मोठा देखावा. जवळच 1928 ची वेधशाळा आहे, आकाश निरभ्र असेल तर दुर्बिणीतून बघता येतं.

आणि टेकडीवरून उतरत गेलेली दातेरी भिंत त्याला नक्की दाखवा. चौथ्या चार्ल्स राजाने 1360 ते 1362 मध्ये बांधून घेतली, खरं तर शहराच्या संरक्षणासाठी, पण दुष्काळात गरिबांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधली अशी गोष्ट सांगतात आणि तिला ‘भुकेची भिंत’च म्हणतात. म्हणजे आपली रोजगार हमीच की, सहाशे वर्षं आधीची!

प्रश्न: लग्न एप्रिलमध्ये, लगेच प्राग. काही रोमँटिक?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: 1 मेला पेत्र्शीनवर जा. त्या दिवशी माखा नावाच्या कवीच्या पुतळ्याला फुलं वाहायला जोडप्यांची ही गर्दी असते, आणि फुललेल्या चेरीच्या झाडाखाली मुलीचं चुंबन घेतलं की ती वर्षभर सुकत नाही असा समज आहे. मेपर्यंत चेरीचा बहर कधीकधी गळून गेलेला असतो, मग लोक दिसेल त्या फुललेल्या झाडाखाली उभे राहतात. तुम्ही पण राहा, कोल्हापूरचं कोणी बघत नाहीये.