सनापान, सेना आणि सुतार पक्षी

प्रश्न असा आहे की इंडोनेशियन लष्करी रायफलींबद्दल वाचताना 'सेनापान' हा शब्द सारखा दिसतो, तो आपल्या 'सेना'वरून आलाय का, आणि कार्बाईनला, म्हणजे आखूड नळीच्या हलक्या रायफलीला, तिकडे काय म्हणतात.

नाही हो, सेनेचा काडीचाही संबंध नाही! इंडोनेशियन शब्द दिसला की त्याला संस्कृत चिकटवून मोकळं व्हायचं ही खोड कधी जाणार कोण जाणे. रोमन लिपीत तिथे ई आहे म्हणून तुम्ही 'से' वाचताय, उच्चार 'सनापान' आहे. मूळ शब्द डच, स्नापहान. सुरुवातीचं जोडाक्षर जिभेला जड म्हणून मध्ये स्वर घुसला, ह गळाला, झालं.

आता खरी गंमत. स्नापन म्हणजे झडप घालणं आणि हान म्हणजे कोंबडा. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी धरणारा जो भाग असतो तोच हा कोंबडा, चाप ओढला की पोलादावर चोच मारतो आणि ठिणगी पडते. काही इंग्रजी कोशवाले सांगतात की ही कोंबडीचोरांची बंदूक, कारण तोड्याच्या बंदुकीची पेटती वात अंधारात चोराला पकडून देई. अहो, चकमकीची एवढी महागडी बंदूक परवडणारा माणूस कोंबड्या कशाला चोरेल? जर्मनमध्ये लुटारूला श्नापहान म्हणत हे मान्य, पण त्याच जर्मनमध्ये बंदुकीच्या त्या भागालाही हानच म्हणतात, ते हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

आणि प्राणी सगळीकडेच आहेत, आपल्याकडे घोडा, फ्रेंच आणि इटालियन लोकांचा कुत्रा, स्पॅनिशमध्ये तर चाप म्हणजे मांजराचं पिल्लू. इंडोनेशियनमध्ये चापाला 'पलातुक' म्हणतात आणि पलातुक म्हणजे सुतार पक्षी! माझं तर ठाम मत आहे की डचांना जी चोच दिसली तीच यांनाही दिसली, फक्त यांनी पक्षी आपल्या रानातला घेतला. याला उगाच योगायोग म्हणू नका.

संस्कृत हवंच असेल तर 'सन्जाता' घ्या, म्हणजे शस्त्र, ते आपल्या 'सज्जता'वरून. 'तन्तारा' म्हणजे सैन्य, ते 'तंत्र'वरून, संस्कृतात तंत्राचा सैन्य असाही अर्थ आहे. पण बांडुंगच्या पिंदाद या शस्त्र कारखान्यातल्या एसएस-१ रायफलीच्या नावातला पहिला एस सनापानचाच, सनापान सर्बु म्हणजे हल्ल्याची रायफल. तिची घडण बेल्जियमच्या एफएनसी रायफलीची, काडतूस ५.५६ मिमी, गारगोटीचा पत्ता नाही, तरी नाव कोंबड्याचंच.

हां, कार्बाईन. तिकडे 'कराबेन', तोही डचच. डच वसाहती सैन्याच्या ६.५ मिमी मानलिखर कार्बाईन १९५० च्या दशकात इंडोनेशियात .३०३ या ब्रिटिश काडतुसासाठी बदलल्या गेल्या, संग्राहक त्याच शोधत असतात. आपल्या जुन्या मराठीत त्याच घराण्यातली कडाबीन आहे, पण तिच्यावर वेगळं लिहावं लागेल.