अमेरिकेतलं कॉस्टकोचं सभासद कार्ड कॅनडा किंवा जपानमध्ये चालतं का?

हो, चालतं. कॉस्टकोचं सभासदत्व जगभरातल्या त्यांच्या सगळ्या दुकानांत ग्राह्य असतं, वेगळी फी नाही. खरी अडचण बिल भरताना येते. अमेरिकेतल्या दुकानांत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा घेतात, कॅनडा आणि जपानमध्ये मास्टरकार्ड. त्यामुळे नेहमीचं व्हिसा तिथे काउंटरवर नाकारलं जातं आणि भरलेली ट्रॉली तशीच राहते. मास्टरकार्ड नसेल तर स्थानिक रोकड जवळ ठेवाच.

पाहुणे सोबत नेता येतात, पण पैसे सभासदानेच भरायचे. बदाम-अक्रोड भारतात न्यायचे असतील तर वजन बघा: कर्कलंड (कॉस्टकोचा स्वतःचा ब्रँड) बदामांची पिशवी १.३६ किलोची असते. मिक्सरसारखी उपकरणं मात्र घेऊ नका. ती अमेरिकेच्या १२० व्होल्टसाठी असतात, आपल्या २३० व्होल्टवर जळतात.