गूगलवर शासन निर्णय शोधला की बातम्या आणि यूट्यूबच येतात. मूळ पीडीएफ कशी मिळवायची?

सर्वात आधी शोध सरकारी संकेतस्थळापुरताच मर्यादित करा. इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन द्या आणि त्याला चिकटूनच, मध्ये जागा न सोडता, 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' टाका. पुढे एक जागा सोडून तसंच 'फाइलटाइप', कोलन, 'पीडीएफ'. एवढ्यानेच निम्मा कचरा गळून पडतो. वर्ष माहीत असेल तर 'आफ्टर' आणि 'बिफोर' हे शब्द याच पद्धतीने वापरा, अंक मात्र इंग्रजीत लिहा. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह चिकटवलं की तो शब्द असलेली पानं वगळली जातात.

खरी मेख मराठीत आहे. अवतरण चिन्हांत लिहिलेला शब्द जवळपास जसाच्या तसा शोधला जातो, आणि आपल्याकडे 'शिक्षक'चे 'शिक्षकांच्या', 'शिक्षकांना' होतात. म्हणून अवतरणात शक्यतो शीर्षकात असतो तसा अख्खा तुकडा द्या, उदाहरणार्थ "शिक्षकांच्या बदल्यांबाबत". ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही बघा, कारण कागद टाइप करणाऱ्याने काय लिहिलंय हे आपल्या हातात नसतं.

जुने कागद बऱ्याचदा स्कॅन केलेले किंवा युनिकोड या आजच्या अक्षरपद्धतीपूर्वीच्या फाँटमधले असतात, त्यांत मराठी शब्द सापडणं कठीणच. तिथे गूगलच्या मागे न लागता शासनाच्या शासन निर्णय संकेतस्थळावर जा आणि विभाग व तारखेवरून थेट शोधा. संकेतांक, म्हणजे त्या शासन निर्णयाला दिलेला स्वतंत्र क्रमांक, हाती असेल तर मग काहीच अडत नाही.