20 फुटांच्या गाळ्याला पर्लिन कोणती, झेड की चौकोनी पाईप?

औसा तालुक्यात सोयाबीनसाठी 30 बाय 60 फुटांचं गोदाम, छपराच्या कैच्या 20 फुटांवर, आणि फॅब्रिकेटर म्हणतो पर्लिन (कैच्यांवर आडवी टाकून पत्रा पेलणारी लोखंडी तुळई) म्हणून दोन बाय चार इंचाचा पाईपच टाका, असं तुम्ही लिहिलंय. 20 फुटांच्या गाळ्याला, म्हणजे दोन कैच्यांमधल्या अंतराला, तो पाईप नको. 12-13 फुटांपर्यंत ठीक. त्यापुढे मधोमध झोळ पडतो आणि पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत येतं.

त्याऐवजी सी किंवा झेड अक्षराच्या आकाराची पर्लिन मिळते. सी पर्लिन एकमेकींत बसत नाही, तिचा सांधा कैचीवर टोकाला टोक लावूनच करावा लागतो. झेडची एक आडवी पट्टी किंचित रुंद, दुसरी अरुंद असते. एकाआड एक नग उलटा धरला की एकात एक बसतो, आणि ताण सर्वांत जास्त जिथे येतो त्या कैचीवरच दुहेरी जाडी मिळते. तुम्ही 150 मिमी उंच, 2 मिमी जाड गॅल्वनाइज्ड झेड धरा. शिवार अगदी उघडं असेल तर आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा भार इंजिनियरकडून काढून घ्या.

उतार एका बाजूला साधारण 16 फूट. 4 फुटांवर एक म्हणजे 5 ओळी, दोन्ही बाजूंच्या 10. मधल्या दोन कैच्यांवर प्रत्येकी 3 फुटांचा सांधा धरला तर 660 फूट माल, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास.

आपल्याकडे छप्पर जातं ते बहुतेक वळवाच्या वाऱ्याने. वारा वरून पत्रा ओढतो, उघड्या बाजूने आत शिरून खालून ढकलतो. अशा वेळी पर्लिनची खालची पट्टी दाबली जाऊन बाजूला वळते. पत्र्यावर दगड ठेवून हे थांबत नाही. त्यासाठी प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर 12 मिमीचा सॅग रॉड (पर्लिन एकमेकींना जोडणारी सळई) हवा, वळचणीपासून आढ्यापर्यंत, आणि आढ्यावर दोन्ही उतारांच्या पर्लिन एकमेकींना बांधलेल्या. पैसे वाचवायला लोक नेमका हाच गाळतात.

65 बाय 65 बाय 6 मिमीचे अँगल क्लीट (पर्लिन बोल्टने धरणारे अँगलचे तुकडे) कैची खाली जमिनीवर असतानाच तिला वेल्ड करा. झेडची वरची पट्टी आढ्याकडे तोंड करून ठेवा. पर्लिन कैचीवर टेकवू नका, 10 मिमी फट ठेवून क्लीटला 12 मिमीच्या दोन बोल्टांनी आवळा, नाहीतर टेकलेल्या जागी पर्लिनचा पातळ पत्रा चेपतो. सांध्याच्या दोन्ही टोकांनाही उभ्या पट्टीत दोन-दोन बोल्ट हवेतच. ते नसले तर 3 फुटांचा सांधा नुसता शोभेचा. दोरी लावून ओळ सरळ करा, मग आढ्याकडून खाली सॅग रॉड आवळत या. जास्त आवळले तर पर्लिनच वाकते.

पर्लिन थेट कैचीला वेल्ड करू देऊ नका. जस्त जळतं, 2 मिमीच्या पत्र्याला भोक पडतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. भोकं ड्रिलनेच, गॅसने नाही. कुठे जळलंच तर रेड ऑक्साइड नको, झिंकचा रंग लावा.

सॅग रॉड बसल्याशिवाय पत्रे वर चढवू नका, आणि पत्र्यांचा गठ्ठा गाळ्याच्या मधोमध न ठेवता कैचीच्या डोक्यावर ठेवा. स्क्रू रबर वॉशरचे, पन्हळीच्या माथ्यावर. वळचणीला आणि आढ्याला प्रत्येक माथ्यावर एक, मधे एक सोडून एक चालेल.